चांगीतला पहिला दिवस

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर काचेच्या दारापलीकडे मुलगा रुचिर नव्हता, सून इराही नव्हती. प्रबोध उभा होता.

सुलेखाने त्याला आधी ओळखलंच नाही. सहा वर्षांत दीराचे केस पार पांढरे झाले होते आणि खांदे उतरले होते. सासूबाईंच्या तेराव्याला येऊन चौदाव्या दिवशी सकाळीच गाडी मागवणारा प्रबोध तो हाच. त्या दिवशी साताऱ्याच्या घराच्या फाटकात तिच्या नवऱ्याने, अभयने, धाकट्या भावाला सांगितलं होतं, "आता पुन्हा आला नाहीस तरी चालेल." त्यानंतर दोघा भावांत एका शब्दाचं बोलणं नव्हतं. निदान सुलेखाच्या समजुतीप्रमाणे तरी नव्हतं.

"प्रवास बरा झाला ना, वहिनी?" प्रबोधने वाकून नमस्कार केला.

"रुचिर कुठे आहे?"

"घरी जाऊ. घरी बोलू सगळं."

अभयने सामानाची ट्रॉली भावाच्या हातात दिली. सहा वर्षांचा राग धरून बसलेला माणूस अशी ट्रॉली देत नाही. सुलेखाला ते कुठेतरी खटकलं, पण तेव्हा तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं. अजून कुणीतरी धावत येईल, उशीर झाला म्हणून हसेल, असं तिला वाटत होतं.

कुणी आलं नाही.

पाच महिने तिने मुलाचा आवाज ऐकला नव्हता. रुचिरला कंपनीने जर्मनीला पाठवलंय, तिथल्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, सुटीच्या दिवशीही काम असतं, असं इराने कळवलं होतं. मेसेज मात्र रोज यायचे. 'मी ठीक आहे. काळजी करू नकोस. औषधं वेळेवर घे.' एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या सुलेखाने ते मेसेज दोन आठवडे वाचले आणि मग तिची झोप उडाली. रुचिर 'ठीक' कधीच बरोबर लिहीत नसे. ठिकठिकाणी लाल शाई करून, कान धरून, शेवटी हरून तिने त्याचं ते ऱ्हस्व 'ठिक' पदरात घेतलं होतं. आता मेसेजमध्ये रोज दीर्घ 'ठीक' येत होतं. ते दुसरंच कुणीतरी लिहीत होतं.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. सिंगापूरला जायचं एवढंच म्हणाली. प्रबोधच्या गावात पाऊल टाकणार नाही म्हणणारा अभय एका शब्दात तयार झाला. मुलीने, मधुवंतीने, पुण्याहून तिकिटं काढली. आणि आता ती दोघं प्रबोधच्या गाडीत मागे बसून एका सरळ, स्वच्छ रस्त्याने चालली होती. दोन्ही बाजूंना छत्रीसारखी पसरलेली झाडं होती. डावीकडे झाडांच्या फटीतून समुद्र दिसत होता आणि त्यावर ओळीने उभी असलेली जहाजं. कितीतरी वर्षांपासून परदेश बघायची तिची हौस होती. तिने त्यातलं काहीच पाहिलं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "एकच सांगा. माझा मुलगा जिवंत आहे ना?"

गाडीचा वेग क्षणभर कमी झाला.

"आहे, वहिनी. तब्येतीनेही बरा आहे. शपथ घेऊन सांगतो."

अभय खिडकीबाहेर बघत होता.

प्रबोधचं घर मरीन परेडला, एका उंच इमारतीच्या पंधराव्या मजल्यावर होतं. दार स्मिताने उघडलं. तिने जावेच्या हातातली पिशवी घेतली, पाण्याचा पेला पुढे केला, पण नजर दिली नाही. दिवाणखान्यात इरा उभी होती. सून पार वाळली होती. कोपऱ्यात मुलीचं टेबल होतं, त्यावर शाळेची पुस्तकं, रंगांच्या पेट्या. नातीचं, जाईचं टेबल. म्हणजे या दोघी इथेच राहत होत्या.

"तुमचं घर?" सुलेखाने विचारलं.

"सोडलं, आई. पाच महिने झाले."

"बस इथे," सुलेखा म्हणाली. "आणि सांग. ते 'ठीक' तूच लिहीत होतीस ना?"

इरा बसली. तिने सांगायला सुरुवात केली, ती पाठ केल्यासारखी सांगत गेली. आधी कोर्टात, मग वकिलाला, मग जाईच्या शाळेत, इतक्या वेळा सांगून झालं होतं की आता त्यात रडणं उरलं नव्हतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसात कुणाचा तरी निरोप समारंभ होता. दुपारी जेवण, जेवणाबरोबर पिणं. साडेचारला रुचिर वन-नॉर्थच्या ऑफिसातून गाडी घेऊन निघाला. तिने फोनवर सांगितलं होतं, टॅक्सीने ये. तो म्हणाला, काही नाही गं, दोनच घेतलेत. दोन नव्हते. वळणावर त्याच्या गाडीने एका मोटरसायकलला उडवलं. सामान पोचवायचं काम करणारा माणूस होता. रोसलान नावाचा. सेहेचाळीस वर्षांचा. दोन मुली.

"गेला?" सुलेखाने विचारलं.

"तिथेच."

खाली कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. स्मिताने उठून खिडकी लावून घेतली.

"वर्षभर केस चालली. पासपोर्ट जमा होता. म्हणून बाबांच्या पंच्याहत्तरीला आला नाही तो. तुमच्या ऑपरेशनलाही नाही." इरा हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती. "चार वर्षांची शिक्षा झालीय. वकील म्हणतात, वागणूक चांगली असली तर थोडं आधी सुटेल."

"कुठे आहे?"

"चांगीलाच."

"विमानतळावर?"

"त्याच भागात, वहिनी," प्रबोध हळूच म्हणाला. "तुरुंग तिथून जवळच आहे."

म्हणजे सकाळी ती सामानाच्या पट्ट्याशी उभी राहून निळ्या बॅगेची वाट बघत होती, तेव्हा तो थोड्याच अंतरावर होता. विमान उतरताना त्याने ऐकलंही असेल. सुलेखाला रडू येईना. तिच्या मनात भलतंच येत होतं. त्या दोन मुली केवढ्या असतील? शाळेतून येऊन दार कोण उघडत असेल त्यांना?

मग ती नवऱ्याकडे वळली, आणि तिथेच थबकली.

अभय सोफ्याच्या कडेला बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. कुठे, कधी, किती वर्षं, काहीच नाही. साधा गॅस सिलेंडर उशिरा आला तर चार फोन करणारा माणूस. त्याचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर धक्का नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

इराने प्रबोधकडे पाहिलं, प्रबोधने दादाकडे.

"अहो, मी विचारतेय. तुम्हाला माहीत होतं?"

"दोन महिने झाले," अभय म्हणाला. "प्रबोधने फोन केला होता."

"दादाला सांगायचं मीच ठरवलं, वहिनी," प्रबोध घाईने म्हणाला. "इरा एकटी किती..."

"मधुवंतीला?"

अभयने मान खाली घातली. तेवढं पुरे होतं.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना." सुलेखाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. वर्गात ती फार चिडली की असाच जायचा. "तुम्ही सहा वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही, त्याच्याशी बोललात. माझ्या पाठीमागे. आणि विमानात साडेपाच तास माझ्या शेजारी बसून मला विचारत होतात, शेव खाणार का म्हणून."

"तुझ्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्यात, सुलेखा. डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना? मी कसं सांगणार होतो?"

"तोंडाने."

"वहिनी, त्यांच्यावर नका रागवू," स्मिता मध्ये पडली. "आम्ही काय सुखात होतो का? इथली आपली माणसं, पंचवीस वर्षांची ओळख, आता समोरून आली की रस्ता बदलतात. गणपतीला आमच्याकडे कोणी आलं नाही. पण या पोरीला आम्ही घरात घेतलं की नाही?"

"घेतलंत," सुलेखा म्हणाली. "ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, स्मिता. पण मला अंधारात ठेवलंत, तेही विसरणार नाही."

इराने डोकं वर केलं. "आई, मला पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. खरंच. तुमच्या मुलाने शपथ घातली होती. आईला कळता कामा नये. बाकी कुणालाही सांग."

"भेटायला कधी जायचं?"

इराने पुन्हा प्रबोधकडे पाहिलं. या घरातली नजरानजर सुलेखाला आता ओळखू यायला लागली होती.

"आज तीनची वेळ मिळाली आहे," इरा म्हणाली. "पण ज्यांची नावं त्याने यादीत दिलीत त्यांनाच सोडतात. माझं आहे. काकांचं आहे. बाबांचं मागच्या आठवड्यात घातलं."

"आणि माझं?"

"तुमचं नाही घातलं, आई."

अभय उठला. "मग मीही जात नाही. तू नाहीस तर मी कशाला जाऊ?"

"बसा खाली," सुलेखा म्हणाली. "दोन महिने एकट्याने वाहिलंत ना? आता हेही एकट्याने करा. आणि त्याला विचारून या, की आईचं नाव का नाही."

पावणेदोनला जाईची शाळेची बस यायची. प्रबोध गाडी काढायला गेला होता. सुलेखा म्हणाली, मी उतरते खाली. स्मिताने लिफ्टपर्यंत येऊन कुठे थांबायचं ते दाखवलं. इमारतीखाली खांबांची मोकळी जागा होती, दगडी टेबलं होती, दोन म्हातारे चिनी गृहस्थ पेपर वाचत होते. उकाडा साताऱ्याच्या मे महिन्यासारखा नव्हता. हा ओला उकाडा होता, अंगाला चिकटणारा. सुलेखा टेबलाशी बसली आणि बसच्या वाटेकडे बघत राहिली.

बसमधून उतरलेली मुलगी तिने फोनवर शेवटची पाहिली त्यापेक्षा हातभर उंच झाली होती. दहाव्या वर्षीच चेहऱ्यावर मोठ्या माणसाचा सावधपणा.

"आजी! यू रिअली केम, आह?"

"आले ना. ये इकडे." तिने नातीला जवळ घेतलं. केसांना घामाचा आणि पेन्सिलींचा वास येत होता.

"मम्माने सांगितलं तुला? बाबा जर्मनीला आहे म्हणून?"

सुलेखा गोंधळली. जाई तिच्याकडे निरखून बघत होती. मग तिने बॅग खाली ठेवली आणि शेजारी बसली.

"इट्स ओके, आजी. आय नो लाह," ती इथल्या मुलांच्या हेलात म्हणाली.

"काय माहीत आहे तुला?"

"सगळं. मी बाबाचं नाव टाइप केलं, लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर. फोटो पण आहे. मोटरसायकल अशी आडवी." तिने तळहात आडवा करून दाखवला. "वर्गातल्या मुलींना पण माहीत आहे. त्या माझ्यासमोर नाही बोलत."

"आईला का नाही सांगितलंस?"

"मम्मा रोज सांगते, बाबाने जर्मनीहून मेसेज केला. मग ती बाथरूममध्ये जाते, नळ सोडते." जाईने खांदे उडवले. "मी ओके म्हणते. यू डोन्ट टेल, हां आजी? प्लीज. ती अजून रडेल."

दहा वर्षांची पोर आईला सांभाळत होती. आई पोरीला सांभाळत होती. अभय तिला सांभाळत होता. सगळे एकमेकांना सांभाळत होते, आणि त्यात कुणीच कुणापाशी राहिलं नव्हतं. सुलेखाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने जाईची बॅग उचलली. बॅग फार जड होती.

अभय आणि इरा परतले तेव्हा साडेपाच झाले होते. जाई आंघोळीला गेली होती. अभयने चपला काढल्या आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसला. सुलेखा मागोमाग गेली. तिने दार लोटून घेतलं.

"कसा आहे?"

"बारीक झालाय. केस अगदी बारीक कापलेत. काचेपलीकडून, फोनवर बोलायचं असतं. मला पाहिलं आणि उठून उभा राहिला. तिथला माणूस म्हणाला बसा, तर बसला." अभय थांबला. "लहानपणी तू वर्गात आलीस की उभा राहायचा ना, तसा."

"विचारलंत?"

"विचारलं."

"मग?"

अभयने चष्मा काढला. "इराने तुला सगळं सांगितलं नाही. त्यानेच सांगू नको म्हटलं होतं. धडक बसल्यावर तो थांबला नव्हता, सुलेखा. पुढे निघून गेला. पुढच्या सिग्नलपर्यंत गेला, तिथून वळून परत आला. आला तोवर एक बाई त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसली होती."

सुलेखा भिंतीला टेकली.

"म्हणाला, बाबा, तुम्ही रागवाल, ते मी सोसेन. पण आई रागवणार नाही. ती एवढंच विचारेल, तू थांबलास ना? आणि मला तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणावं लागेल. ते मला जमणार नाही. म्हणून नाव नाही घातलं."

तिला खरंच तोच प्रश्न पडला होता. सकाळपासून, इरा सांगत होती तेव्हापासून, ओठांवर आला होता आणि तिने तो गिळला होता.

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काही नाही. फोन तसाच कानाला लावून बसलो. वेळ संपली."

ती त्याच्या शेजारी बसली. राग गेला नव्हता. पण हा माणूस आज तिच्याशिवाय तिथे जाऊन आला होता, आणि या वेळी परत येऊन त्याने काही लपवलं नव्हतं. तिने त्याच्या हातातला चष्मा घेतला, पदराने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

जेवायला सगळे एकत्र बसले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. स्मिताने वरण-भात, भेंडीची भाजी केली होती. प्रबोध भावाच्या ताटाकडे बघून न विचारता वाढत होता आणि अभय वाढू देत होता. मग इराने, बोलायला हवं म्हणून, हसरा चेहरा केला.

"जाई, बाबाचा मेसेज आला होता दुपारी. जर्मनीत थंडी पडलीय म्हणे. तुला खूप खूप प्रेम पाठवलंय."

"ओके," जाई म्हणाली आणि भाताचा घास घेतला. अगदी सहज, सराईतपणे.

सुलेखाने हातातला घास ताटात ठेवला.

"इरा," ती म्हणाली, "पुरे. तिला माहीत आहे."

इराचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. "काय माहीत आहे?"

"सगळं. कधीपासून माहीत आहे. तू रडशील म्हणून बोलत नव्हती."

जाईची खुर्ची मागे ढकलली गेली. "आजी! आय टोल्ड यू नॉट टू!" तिचा आवाज फाटला. "यू आर सो मीन!" ती आतल्या खोलीत धावली. दार आपटलं, कडी लागल्याचा आवाज आला.

"आज पहिल्याच दिवशी, वहिनी?" स्मिता म्हणाली. "दोन दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

"दोन दिवसांनी मीही सराईत झाले असते," सुलेखा म्हणाली.

इरा दोन्ही हातांत तोंड झाकून बसली होती. अभयने आपली खुर्ची सरकवून तिच्या जवळ नेली आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. सुलेखा उठली, हात धुतले आणि बंद दाराशी गेली. तिचे गुडघे दुखत होते, तरी ती भिंतीला धरून धरून खाली, फरशीवर बसली.

"जाई."

"गो अवे."

"नाही जात. तू उघडेपर्यंत इथेच आहे मी."

आत हुंदके येत होते, मग ते थांबले. स्वयंपाकघरात नळ सुटला आणि लगेच बंद झाला. इरा तिथे उभी होती, ऐकत होती.

"आजी." आवाज दाराच्या अगदी खालून आला. पोरही पलीकडे फरशीवरच बसली असावी.

"काय गं?"

"ते अंकल पडले, तेव्हा बाबा थांबला?"

सुलेखाने वर पाहिलं. इराने मान हलवली, नको, नको. अभय टेबलाशी उभा राहिला होता. हो म्हणणं किती सोपं होतं. या घरात तिला कुणी खोटं पाडलं नसतं.

"नाही," सुलेखा म्हणाली. "थांबला नाही. घाबरून पुढे निघून गेला. मग परत आला, पण उशीर झाला होता."

आत काहीच आवाज झाला नाही. सुलेखाला वाटलं, गेली, ही पोरगी आता आपल्याला कायमची गेली.

"आय नो," जाई म्हणाली. "तेही लिहिलं होतं तिथे. आय जस्ट वॉन्टेड समवन टू से."

कडी सरकली. दार उघडलं नाही, नुसतं सैल झालं. सुलेखाला पटकन उठता येईना. तिने बसल्या जागेवरूनच हात लांब केला आणि तळव्याने दार हळूहळू आत ढकललं.